माजलेल्या फळझाडांची छाटणी: सीताफळ, डाळिंब, अंजीर, पेरू आणि कागदी लिंबू (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

परसात, विहिरीच्या कडेला किंवा शेताच्या बांधावर कधीकाळी हौसेने लावलेली आणि नंतर पाच-दहा वर्षे कोणी हात न लावलेली झाडे डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरे दिली आहेत. बाजारासाठी बहार धरणाऱ्या बागेचे वेळापत्रक याहून काटेकोर असते. इथे प्रश्न दोन-चार झाडे वाचवण्याचा आणि घरापुरते चांगले फळ मिळवण्याचा आहे.

इतकी वर्षे न छाटलेले झाड पुन्हा चांगले फळेल का?

मुळे आणि बुंधा निरोगी असतील तर बहुतेक वेळा फळते. ही पाचही झाडे जुन्या लाकडातून नवी फूट काढू शकतात. सीताफळ, अंजीर आणि पेरू तर बुंध्यापासून कापले तरी फुटतात. डाळिंब थोडे नाजूक, आणि लिंबाला मोठी छाटणी सोसत नाही. दुर्लक्षित झाड सहसा मेलेले नसते. आतली गर्दी, वाळलेले लाकूड आणि सावली यांमुळे त्याची ताकद फांद्या वाढवण्यात जाते आणि फळ फक्त शेंड्यावर, हात पोहोचणार नाही अशा जागी येते.

कात्री लावण्याआधी काय पाहायचे?

आधी झाडाभोवती फिरा. बुंध्याजवळचे गवत, घाणेरी आणि वेली काठीने हलवून मगच हात घाला. कोरड्या, खडकाळ भागात अशा जाळीत फुरसे असते, फांद्यांच्या आत गांधीलमाश्यांचे पोळे असते. पायात बूट आणि पूर्ण बाह्या हव्यात. घरटे असेल आणि त्यात अंडी किंवा पिल्ले असतील तर ती फांदी महिनाभर राहू द्या.

मग जिवंत किती आणि मेलेले किती ते ठरवा. नखाने साल जराशी खरवडा. आत हिरवी, ओलसर दिसली तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडी असेल तर आणखी खाली खरवडत या आणि हिरवे लागेल तिथे खडूची खूण करा. उन्हाळ्याच्या तोंडावर सीताफळाची पाने गळतात, झाड खराट्यासारखे दिसते आणि पुष्कळ लोक चांगल्या फांद्या मेल्या समजून तोडतात.

झाड कलमी असेल तर सांधा शोधा. जमिनीपासून वीतभरावर खोडाचा फुगवटा किंवा सालीच्या रंगातला फरक दिसतो. सांध्याच्या खालून आलेला प्रत्येक फुटवा खुंटाचा, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधले त्याचा असतो आणि त्याला तुमच्या जातीचे फळ येणार नाही. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झालेल्या झाडात कधी कधी खुंटच मोठा होऊन बसतो आणि कलम त्याच्या सावलीत मरते. ‘पूर्वी फळ गोड यायचे, आता बियाळ येते’ ही तक्रार असेल तर आधी हे तपासा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणती?

फळ कोणत्या लाकडावर येते, हे माहीत असणे. पेरूला आणि अंजिराला फळ नव्या फुटीवर येते, म्हणून त्यांना कात्री जोरात लावता येते. सीताफळाची फुले नव्या फुटीबरोबर येतात, शिवाय थोडी जुन्या फांदीवरही. डाळिंबाचे बरेचसे चांगले फळ दोन-तीन वर्षांच्या लाकडावरच्या आखूड काड्यांवर धरते. त्या काड्या तोडल्या की त्या वर्षीचे फळ गेले. एकाच पद्धतीने सगळी झाडे छाटली की पेरू सुधारतो आणि डाळिंब वांझ राहते, त्याचे कारण हेच.

एकाच दिवशी सगळे छाटून मोकळे झाले तर?

पेरू आणि अंजीर सोडून इतर झाडांवर तसे करू नका. मुळांचा पसारा मोठा आणि वरचा भार अचानक नाहीसा झाला, की झाड दीड-दोन महिन्यांत सरळ वर जाणारे, लांब पेरांचे पाणसोट सोडते. त्यांना फळ येत नाही आणि आतली सावली पुन्हा होती तशीच होते. दुसरा धोका उन्हाचा. वर्षानुवर्षे सावलीत राहिलेली साल एप्रिलच्या उन्हात उघडी पडली की करपते, तडकते आणि त्या भेगेतून खोडकिडा शिरतो.

डाळिंबाचा एका वर्षात तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त घेर काढू नका, लिंबाचा चौथ्यापेक्षा. मेलेले लाकूड या हिशेबात धरायचे नाही, ते कधीही आणि सगळे काढता येते. बाकीचे काम दोन किंवा तीन वर्षांत वाटून घ्या.

छाटणी कोणत्या महिन्यात करावी?

कोरड्या हवेत, एवढा नियम सगळ्यांना लागू आहे. भर पावसात केलेली जखम ओली राहते, जखमेला लावलेले बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण) धुऊन जाते आणि रोग एका फांदीवरून दुसरीवर जातो.

देशावर पावसाच्या भरवशावर असलेले सीताफळ मार्च ते मेच्या मध्यापर्यंत, पाने गळून गेल्यावर छाटा. पाणी असेल आणि उन्हाळी बहार घ्यायचा असेल तर पुणे जिल्ह्यातल्या पुरंदरकडे जानेवारी-फेब्रुवारीत छाटणी होते. अंजिराची मीठा (उन्हाळी) बहारासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पाऊस उघडल्यावर. पेरूची मे महिन्यात. डाळिंबाची फळे उतरल्यावर, झाड विश्रांतीत असताना. लिंबाची पाऊस संपल्यावर किंवा उन्हाळ्याआधी, पण हलकीच. कोकणात हवेतला ओलावा लक्षात घेऊन पेरू आणि लिंबू ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घेतले तर जखमा लवकर सुकतात.

कोणती हत्यारे लागतात? कोयता चालेल का?

कोयता चालत नाही. कोयत्याने फांदी तुटते, पण खुंट चिरतो, साल सोलली जाते आणि त्या चिरेत पाणी साचून कूज खाली उतरते. दुर्लक्षित झाडांच्या बुंध्यात दिसणारी पोकळी बहुतेक वेळा जुन्या कोयत्याच्या घावातून सुरू झालेली असते.

अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंत सिकेटर, म्हणजे एका हाताने चालवायची छाटणीची कात्री. त्याहून जाड, मनगटापेक्षा बारीक फांदीला लांब दांड्याची कात्री. पुढे घडीची करवत. सिकेटर एका पात्यावरून दुसरे पाते सरकणारा घ्या. दोन पाती समोरासमोर आदळणारा सिकेटर ओले लाकूड चेचतो. धार दिवसातून एकदा तरी लावा.

पहिल्या दिवशी कामाचा क्रम कसा ठेवावा?

आधी वेली तोडा, पण बुंध्याशी कापून झाडावर तशाच सोडा. चार-पाच दिवसांत त्या वाळतात आणि फांद्या न मोडता निघतात. मग मेलेले लाकूड, मग रोगट आणि मोडलेले, मग एकमेकींवर घासणाऱ्या दोन फांद्यांपैकी एक. एवढे झाल्यावर थांबून दहा पावले मागे जा आणि झाड पाहा. पुष्कळदा निम्मे काम इथेच संपलेले असते. पुढे काय काढायचे हे आता स्पष्ट दिसते: मधोमध सरळ वर गेलेले सोट, जमिनीला टेकणाऱ्या फांद्या आणि आतल्या बाजूला वळलेल्या काड्या.

काप नेहमी बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवी फूट निघते त्या कोंबाच्या) वर, साधारण अर्धा सेंटिमीटर अंतरावर, तिरपा घ्या. डोळ्याच्या अगदी लगत कापले तर डोळा वाळतो. दोन-तीन सेंटिमीटरचा खुंट ठेवला तर तो मरतो आणि बुरशीचे घर होतो.

जाड फांदी कापताना खोडाची साल सोलून निघते. उपाय?

तीन काप घ्या. खोडापासून सुमारे 30 सेंटिमीटरवर खालच्या बाजूने करवत लावून एक तृतीयांश जाडीपर्यंत कापा. त्याच्या पाच सेंटिमीटर बाहेर वरून कापा. फांदी आपल्या वजनाने पडते आणि साल खालच्या कापापाशी थांबते. उरलेला खुंट शेवटी खोडालगत काढा. मात्र फांदी खोडाला जिथे मिळते तिथे सुरकुतलेली, फुगीर कड असते, तिच्या बाहेरून कापा. जखम भरून आणणारी पेशींची वाढ त्या कडेतून होते. ती कड कापून खोड सपाट केले की जखम वर्षानुवर्षे उघडी राहते.

सीताफळाच्या बुडातून आठ-दहा खोडे आली आहेत. किती ठेवावीत?

तीन किंवा चार, वेगवेगळ्या दिशांना गेलेली. पहिल्या वर्षी सर्वांत जुनी, काळपट आणि आत वाळलेली निम्मी खोडे जमिनीलगत कापा. दुसऱ्या वर्षी उरलेल्यांतून निवड करा. उंची दोन ते अडीच मीटरवर राखा, कारण सीताफळ पाडून घेण्याचे फळ नाही, फळाचे डोळे उघडले की हाताने तोडायचे आहे.

ठेवलेल्या खोडांवरच्या गेल्या वर्षीच्या पेन्सिलीएवढ्या काड्या चार-पाच डोळे राखून आखूड करा. बारीक, सावलीतल्या काड्या बुडापासून काढा.

या झाडाची एक खासियत आहे, ती माहीत नसल्याने छाटणी फसते. सीताफळाचा डोळा पानाच्या देठाच्या बुडात दडलेला असतो. पान गळेपर्यंत तो फुटत नाही. पाने असतानाच छाटले तर कापाखालची तीन-चार पाने हाताने खुडून टाका, नाहीतर फूट आठवडेच्या आठवडे लांबते आणि कुठेतरी भलत्याच जागी येते.

झाडावर लटकलेली काळी, सुरकुतलेली जुनी फळे एक न एक काढून जाळा. त्यांत बुरशी आणि पिठ्या ढेकूण पुढच्या हंगामापर्यंत टिकतात. मुंग्या या ढेकणांची ने-आण करतात, म्हणून जमिनीला टेकलेल्या फांद्या गुडघ्याच्या उंचीपर्यंत उचलून छाटणे हा फवारणीइतकाच उपयोगी उपाय आहे.

डाळिंबाचे जाळे झाले आहे, काटे इतके की हात जात नाही. सुरुवात कुठून?

खालून. गुडघे टेकून बुंध्यापाशी बसा आणि तीन ते चार सशक्त खोडे निवडून त्यांना रंगीत चिंधी बांधा. बाकीचे फुटवे, ज्यांना पुष्कळ शेतकरी मुनवे म्हणतात, जमिनीलगत काढा. माती थोडी उकरून मुनवा जिथून निघाला तिथूनच कापला तर तो कमी वेळा परत येतो. चामडी हातमोजे लागतातच, काट्याची जखम पिकते.

वर आल्यावर हात आवरा. आडव्या फांद्यांवरच्या आखूड, गाठाळ काड्या राखा, फक्त शेंडे 10-15 सेंटिमीटर मारा. मधला भाग कपासारखा मोकळा झाला आणि दुपारी बुंध्यावर ऊन-सावलीची नक्षी पडू लागली की थांबा. पूर्ण ऊन पडू लागले तर जास्त कापले गेले.

तेल्या रोग कात्रीतून पसरतो, हे खरे का?

खरे आहे. तेल्या जिवाणूमुळे होतो आणि ओल्या पात्यावरून एका झाडाचा दुसऱ्याला लागतो. पानांवर तेलकट, पाणी शोषल्यासारखे डाग आणि फळावर तडकलेले काळे ठिपके दिसत असतील तर ते झाड सर्वांत शेवटी छाटा. प्रत्येक झाडानंतर सिकेटर 2.5 टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा. काम संपल्यावर पाती पाण्याने धुऊन तेल लावा, कारण हे द्रावण लोखंड खाते. रोगट फांदी डागाच्या खाली चार-पाच सेंटिमीटर निरोगी भागात कापा. छाटणी संपली की त्याच दिवशी 1 टक्का बोर्डो मिश्रण फवारा. डाळिंबावर बारकाईने काम करायचे असेल तर सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या शिफारशी पाहाव्यात.

अंजिराची उंच, वेडीवाकडी वाढ कशी आवरायची?

अंजीर कात्रीला भीत नाही. मुख्य फांद्या तीन-चार ठेवून त्या 75 ते 90 सेंटिमीटरवर कापल्या तरी त्याच हंगामात नवी फूट येते आणि त्या फुटीवरच्या पानांच्या बेचक्यात फळ धरते. महाराष्ट्रात पावसाळी खट्टा बहार आणि उन्हाळी मीठा बहार असे दोन येतात. घरासाठी मीठा बहारच धरावा. खट्ट्याचे फळ पावसात फुटते, आंबते आणि तांबेरा हा बुरशीचा रोग पाने खाऊन टाकतो. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे, आणि तिथले शेतकरी अंजिराला दर वर्षी छाटतात. न छाटलेल्या अंजिराचे फळ दर वर्षी फांदीच्या टोकाकडे सरकत जाते.

लांब फांदीवर मधले डोळे झोपलेले असतील तर डोळ्याच्या थोडे वर सालीत उथळ खाच घ्या. वरून येणारी वाढ रोखणारी संप्रेरके तिथे अडतात आणि डोळा जागा होतो.

अंजिराचा चीक कातडीवर पडून वर ऊन लागले तर फोड येतात. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी काम करा आणि चीक लगेच साबणाने धुवा. लहान मुलांना आसपास ठेवू नका.

पेरूचे झाड इतके उंच झाले की फळ पोपट खातात. बुंध्यापासून कापू का?

बुंध्यापासून नको, मीटर-दीड मीटरवर कापा. जुन्या पेरूबागांचे पुनरुज्जीवन याच उंचीवर करतात. घरी एकच झाड असेल तर पहिल्या मे महिन्यात निम्म्या मुख्य फांद्या आणि पुढच्या मेमध्ये उरलेल्या, म्हणजे फळ पूर्ण बंद पडत नाही.

कापापाशी डझनभर फूट येते. त्यांतली बाहेरच्या बाजूची तीन-चार ठेवा. ती 40-50 सेंटिमीटर झाली की प्रत्येकीची निम्मी लांबी मारा. या दुसऱ्या मारणीतून येणाऱ्या आडव्या फुटीवर फळ लागते, आणि पुष्कळ लोक नेमकी हीच पायरी चुकवतात. मेच्या छाटणीचा आणखी एक फायदा: पावसाळ्यातले, फळमाशीने भरलेले पीक कमी होते आणि हिवाळ्यातले, घट्ट व गोड पीक वाढते.

लिंबाला हात लावावा की नाही?

लावावा, पण सर्वांत कमी. वाळलेल्या काड्या, जमिनीला टेकणाऱ्या फांद्या आणि मोठ्या काट्यांचे हिरवेगार पाणसोट काढा. बाकी झाड झुबकेदार राहू द्या. लिंबाची साल पातळ असते आणि पानांची सावली हेच तिचे संरक्षण. छाटणीनंतर येणारी कोवळी पालवी नागअळीला आणि फुलपाखराच्या अळीला फार आवडते, त्यामुळे भरमसाट पालवी येऊ देणे म्हणजे त्यांना जेवण वाढणे.

बुंध्यावर डिंक वाहत असेल तर छाटणी बाजूला ठेवा आणि तो भाग आधी पाहा. सडलेली साल धारदार चाकूने निरोगी कडेपर्यंत खरवडून बोर्डो पेस्ट लावा आणि पाणी बुंध्याला लागणार नाही असे दुहेरी आळे करा: आतल्या आळ्यात माती चढवलेली, पाणी फक्त बाहेरच्या आळ्यात.

बोर्डो पेस्ट घरी कशी करायची?

100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना, एक लिटर पाणी. मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आदल्या रात्री भिजवा. चुना दुसऱ्या अर्धा लिटरमध्ये विरघळवून गाळा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, धातूची नकोत. मग दोन्ही तिसऱ्या भांड्यात एकदम ओतत ढवळा. लोखंडी सुरी किंवा खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर आम्ल जास्त आहे, थोडी चुन्याची निवळ घाला आणि पुन्हा पाहा. पेस्ट त्याच दिवशी वापरा, शिळी झाली की कामाची राहत नाही.

फवारणीचे 1 टक्का मिश्रण करायला तेवढाच मोरचूद आणि चुना 10 लिटर पाण्यात घ्या.

अंगठ्यापेक्षा जाड प्रत्येक जखमेला पेस्ट लावा. बारीक काप तसेच सुकतात. शेण-मातीचा जाड लेप मात्र नको, त्याखाली ओल राहते. उघड्या पडलेल्या खोडांना चुना लावला की साल करपत नाही.

छाटणीनंतर खत आणि पाणी किती?

युरिया लगेच टाकू नका, पाणसोटांचे रान माजते. मोठ्या झाडाला 20-25 किलो कुजलेले शेणखत आणि एक-दोन किलो निंबोळी पेंड द्या. खत बुंध्याशी ओतू नका, फांद्यांच्या घेराखाली गोल चर काढून मातीत मिसळा, कारण खाणारी मुळे तिथे असतात. पाणी हलके सुरू करा आणि फूट दिसल्यावर वाढवा. वर पाने नाहीत आणि खाली रोज पाणी, यात मुळे कुजतात.

फुटव्यांचे जंगल आले. आता?

ते येणारच. फूट 20-30 सेंटिमीटरची असताना, लाकूड होण्याआधी, हाताने मोडून काढा. प्रत्येक कापलेल्या फांदीवर दोन-तीन ठेवा. हाताने मोडलेल्या फुटीच्या बुडाचे डोळेही निघून जातात, कात्रीने कापली तर तिथून पुन्हा चार येतात. पहिल्या वर्षी हे काम दर तीन आठवड्यांनी करावे लागते. जो छाटणी करतो पण ही विरळणी करत नाही, त्याचे झाड दोन वर्षांत होते तिथे येते.

खोडाला भोके आहेत आणि भुसा पडतो.

खोडकिडा आहे. बारीक लवचीक तार भोकात घालून अळी मारा, विष्ठा-भुसा काढा आणि भोक चिखलाने लिंपून बंद करा. दोन आठवड्यांनी पुन्हा पाहा. ताजा भुसा दिसला तर आत आणखी एक आहे. फांदीत भोके अनेक असतील तर ती निरोगी लाकूड लागेपर्यंत कापा आणि बागेबाहेर नेऊन जाळा. अंजिराच्या फांद्या तर चिरूनच पाहा.

बांडगूळ नुसते ओढून काढले तर?

पुन्हा येते. त्याचे मूळ फांदीच्या लाकडात शिरलेले असते. जिथे चिकटले आहे त्याच्या वीतभर मागे फांदीच कापा, आणि फुले-फळे येण्याआधी. पक्षी त्याच्या चिकट बिया दुसऱ्या झाडांवर नेतात.

नीट छाटले, तरी सीताफळाची फुले गळतात.

एप्रिल-मेच्या कोरड्या, उष्ण वाऱ्यात सीताफळाचे फूल टिकत नाही. हवेत ओलावा आला की, म्हणजे पहिल्या पावसानंतर, फळधारणा सुधारते. हा प्रश्न छाटणीने सुटत नाही, म्हणून आणखी कापत बसू नका. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन करा आणि पाण्यात खंड पडू देऊ नका. डाळिंबाचे फळ तडकणे हाही कमी-जास्त पाण्याचाच परिणाम असतो.

शहरात परवानगी लागते का?

महापालिका आणि नगरपालिका हद्दीत झाडे तोडण्यावर 1975 च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्रे झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाचे नियंत्रण आहे. सोसायटीच्या आवारातले झाड असेल, किंवा मोठ्या फांद्या काढायच्या असतील, तर आधी उद्यान विभागात लेखी विचारा. काड्या आणि मुनवे काढण्यासाठी एवढी धावपळ करण्याचे कारण नाही.

झाड वाचवण्याचा नाद कधी सोडावा?

खोड पोकळ आहे एवढ्यावरून नाही, पोकळ पेरू वर्षानुवर्षे फळतो. पण एकेक फांदी पाने पिवळी पडून वरून खाली मरत जाते, खोड आडवे कापल्यावर आत करडे-काळे डाग दिसतात आणि मुळे उकरल्यावर साल हातात सुटून येते, अशा डाळिंबाला मर रोग आहे. ते मुळांसकट उपटा, जाळा आणि त्याच खड्ड्यात पुन्हा डाळिंब लावू नका. लिंबाच्या बुंध्याची साल चहूबाजूंनी सडली असेल तर तेही गेलेच. सीताफळाच्या बाबतीत मात्र घाई नको: जमिनीपासून 30-45 सेंटिमीटरवर कापून पावसाची वाट पाहा. जुलै संपेपर्यंत फूट आली नाही, तर मग खणून काढा.